ड्रायसूटची इन्फ्लेटर होज: किती लांब घ्यावी आणि कुठून काढावी?

खाणीतला_मासा:

नमस्कार मंडळी. इथे डायव्हिंगच्या धाग्यांवर मालवण, नेत्राणी, अंदमान यांचीच चर्चा असते, त्यामुळे हा प्रश्न टाकावा की नाही या विचारात चार दिवस घालवले. पण मराठीत विचारायला दुसरी जागा नाही, आणि इथल्या क्लबात विचारलं की दहा जण अकरा मतं देतात.

मी इंग्लंडात लेस्टरला असतो. डायव्हिंग शिकलो तारकर्लीला, कोमट पाण्यात, टी-शर्टवर. इथे आल्यावर कळलं की घरापासून अर्ध्या तासावर स्टोनी कोव्ह आहे. जुनी ग्रॅनाइटची खाण, पाण्याने भरलेली, सर्वात खोल भाग पस्तीस मीटरच्या आसपास, आणि आत मुद्दाम बुडवलेला स्टेनगार्थ नावाचा टगबोटीचा सांगाडा. पाणी हिवाळ्यात ५-६ अंश. पहिली दोन वर्षं सात मिलिमीटरच्या वेटसूटमध्ये काढली. म्हणजे उन्हाळे काढले, हिवाळ्यात चहा पीत काठावर बसलो.

यंदा हिय्या करून सेकंडहँड ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा सूट) घेतला. सूट छान आहे, मानेचं सील नवं, बूट मापाचे. फक्त होज, म्हणजे टाकीतली हवा सूटमध्ये भरणारी नळी, नाही. विकणारा गृहस्थ म्हणाला, बीसीची (तरंगणं सांभाळायला हवा भरतात त्या जॅकेटची) कुठलीही होज चालेल. घरी पडलेली बीसीची जुनी होज लावून पाहिली. होजच्या टोकाची कॉलर सूटच्या वाल्व्हवरच्या निपलवर चढते, पण ‘टक्’ होत नाही. हलकेच ओढली की हातात येते.

तर प्रश्न असे. निपलचं काय करू? होज किती लांबीची घेऊ (उंची ५ फूट ५ इंच, एकच टाकी, जॅकेट बीसी, फर्स्ट स्टेज, म्हणजे टाकीवर बसून दाब उतरवणारा भाग, अपेक्स डीएस४)? डावीकडून काढू की उजवीकडून? आणि रबरी घेऊ की ती विणलेली, मऊ, रंगीबेरंगी मिळते ती? दुकानात ७५ सेंमीची ‘स्टँडर्ड’ म्हणून पुढे करतात. मित्राची ७५ ची लावून पाहिली तर काखेखाली पिशवीचा बंद लोंबावा तशी लोंबत होती.

कोथरूडकर:

अडाणी प्रश्न. सूट ‘ड्राय’ आहे, म्हणजे पाणी आत येत नाही. मग त्यात टाकीतली हवा कशाला भरायची? आधीच श्वासाला पुरत नाही म्हणता ना?

उत्तरसमुद्र:

कोथरूडकर, प्रश्न अडाणी नाही, सगळा खेळ तिथेच आहे. सूट घालताना आत थोडी हवा असते. दहा मीटर खाली गेलं की ती निम्मी होते, वीसला एक तृतीयांश, तीसला पाव. सूट अंगाला चिकटत जातो, व्हॅक्यूम पॅकमधल्या काजूंसारखी अवस्था. घड्यांमध्ये कातडी चिमटली जाते आणि वर आल्यावर अंगावर लाल-जांभळे वळ. शिवाय आतल्या गरम कपड्यांतली हवाच नाहीशी झाल्याने ऊबही जाते. म्हणून छातीवर एक वाल्व्ह असतो, त्याला फर्स्ट स्टेजमधून एक कमी दाबाची होज येते, बटण दाबलं की थोडी हवा आत. वर येताना तीच हवा फुगते, ती डाव्या दंडावरच्या डंप वाल्व्हमधून बाहेर सोडायची. हवा लागते ती किरकोळ, टाकीला फारसं जाणवत नाही.

मासेराव, तुमच्या निपलबद्दल. मी अ‍ॅबर्डीनला असते, इथे जुने स्कँडिनेव्हियन सूट पुष्कळ फिरतात आणि हे दर वर्षी कोणाच्या तरी बाबतीत होतं. तुमच्या सूटवर सेय्न पद्धतीचं निपल असणार. हवा जास्त वेगाने सोडणारं जोड आहे ते, जुन्या सूटांवर सर्रास असायचं. आजकाल बहुतेक सूटांवर बीसीसारखंच निपल येतं. दोन्ही दिसायला भावंडं, पण एकमेकांना बसत नाहीत. आणि अर्धवट बसणं हे न बसण्यापेक्षा वाईट, कारण काठावर ते बसल्यासारखंच दिसतं.

दोन रस्ते आहेत. सेय्नची होज घ्या, किंवा वाल्व्हवरचं निपल बदलून बीसीचं बसवून घ्या. बऱ्याच वाल्व्हना तेवढं निपल वेगळं मिळतं, दुकानदार दहा मिनिटांत बदलून देतो. मी दुसरा रस्ता घेईन. खाणीवर होज फुटली तर क्लबच्या खोक्यात बीसीच्या जोडाची होज हमखास सापडते, सेय्नची कोणाकडेच नसते. मधे अ‍ॅडॉप्टर लावायचा विचार मात्र करू नका. एक जास्तीचा जोड, दोन जास्तीच्या ओ-रिंगा (गळती रोखणारी रबरी कडी), आणि वाल्व्हपासून बाहेर आलेला दांडा.

खाणीतला_मासा:

ताई, फोटो पाहून दुकानदारानेही सेय्नच सांगितलं. निपल बदलायला टाकलं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, ‘माझी तर बसायची.’ असो. आता लांबीचं सांगा.

तारकर्लीचा_बाबू:

आमका ह्येची गरजच नाय 😄 आमच्याकडे पाणी २७-२८ अंश, माणसं लायक्रात उतरतात. तरी होजबद्दल एक अनुभवाचं सांगतो, तुम्ही विचारलंत म्हणून.

विणलेल्या होजांनी आमच्याकडे सगळ्यांना भुरळ घातली होती. हलक्या, वळतात मस्त, पिशवीत निम्मी जागा. माझ्याही तीन होत्या. एका मोसमात एका पाहुण्याचा रेग्युलेटर श्वासाला जड झाला. उघडला तर सेकंड स्टेजच्या, म्हणजे तोंडात धरायच्या भागाच्या, तोंडाशी पिवळसर खडीसाखरेसारखे कण. टाकीतली घाण असेल म्हणून टाकी तपासली, फर्स्ट स्टेजची जाळी तपासली, सगळं स्वच्छ. शेवटी होज कापली. बाहेरची वीण नव्यासारखी, आत अस्तर कुजून त्याचे स्फटिक झालेले. उष्णता आणि दमट हवेने आतलं प्लास्टिक मोडत जातं, आणि बाहेरून पत्ता लागत नाही. डायव्हिंगच्या सुरक्षेवर काम करणाऱ्यांनीही या प्रकाराबद्दल सावध केलेलं आहे, नंतर वाचनात आलं. आता सगळ्या विणलेल्या होजा अशा होतील असं नाही, नव्यांत अस्तर बदललंय म्हणतात. पण कोकणातल्या पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये चार महिने पडणाऱ्या होजा मी आता रबरीच घेतो. रबर मरायला लागलं की आधी सांगतं: क्रिम्पजवळ (नळी धातूच्या टोकाला आवळलेली असते तिथे) बारीक भेगा दिसतात.

तुमच्याकडे गारठा, तिथलं गणित वेगळं असेल. पण तुम्ही वर्षातून एकदा गावी येताना गिअर आणता आणि गाडीच्या डिकीत ठेवता, एवढं लक्षात ठेवा.

उत्तरसमुद्र:

बाबूदादा, हे लाखमोलाचं सांगितलंत. आमच्या गारठ्यात उलटी तक्रार असते, रबरी होज थंडीत ताठ होते आणि कमी लांबीची असली तर वाल्व्हला सतत एका बाजूला रेटत राहते. विणलेली वळते छान. मी ड्रायसूटला विणलेली वापरते, श्वासाच्या दोन्ही होजा रबरी. ड्रायसूटची होज आतून खराब झाली तर सूट भरणार नाही, श्वास अडकणार नाही. पण पाच वर्षांनी होज बदलायची, मग ती कितीही नवी दिसो. आणि ती होजच्या टोकाला घालतात ती रबरी टोपी मी काढून टाकली आहे. तिच्याखाली खारं पाणी साचतं आणि क्रिम्प गंजतो तो दिसत नाही.

आता लांबी. मासेराव, दुकानातला मापांचा तक्ता विसरा. ५६, ६६, ७५, ९० अशा लांब्या मिळतात, आणि ७५ ची ‘स्टँडर्ड’ असते कारण ती सहा फुटी माणसाला पुरते आणि बुटक्याला लोंबते, परत कोणी येत नाही दुकानात. सुतळी घ्या. साधी, किराण्याच्या पुडीची.

सूट घाला, आतले गरम कपडे घालून. हे महत्त्वाचं आहे, माझा जाड अंडरसूट घातला की छातीचा घेर चांगलाच वाढतो. वर बीसी, टाकी, सगळं. घरातल्या कोणाला तरी सुतळीचं एक टोक फर्स्ट स्टेजच्या त्या पोर्टवर धरायला सांगा जिथून होज निघणार आहे. तिथून सुतळी डाव्या खांद्यामागून खाली, डाव्या काखेखालून पुढे, निपलपर्यंत. सगळे इथवर करतात, इथेच खूण करतात, आणि होज आखूड घेतात. खूण करू नका. आता डावा कोपर कानाच्या उंचीपर्यंत उचला, जसा डंप करताना उचलता. उजवा हात मागे टाकीच्या नॉबकडे न्या. मान उजवीकडे वळवा. दीर्घ श्वास घेऊन छाती फुगवा. निपलवरची सुतळी बोटांतून सरकेल, सरकू द्या. कोपर वर असतानाच खूण करा, त्यावर तीन-चार सेंमी ठेवा. दुकानाला एकदा विचारा की ते लांबी धातूच्या टोकांसकट मोजतात की नुसत्या नळीची.

कोपर का? कारण डंप वाल्व्ह आणि होज दोन्ही डाव्या बाजूला. वर येताना हवा सोडायला कोपर उचलायचा, आणि होज आखूड असली की ती नेमकी त्याच क्षणी ताणते. एक तर कोपर पुरता उचलला जात नाही, किंवा वाल्व्ह छातीवर तिरका ओढला जातो. दोन्ही गोष्टी सहा मीटरवर, स्टॉप धरून थांबायचं असताना नको असतात.

बाजू: डावीकडून. उजवीकडे तुमचे श्वासाचे दोन्ही रेग्युलेटर, त्यात ऑक्टोपसची, म्हणजे जादा रेग्युलेटरची, होज उजव्याच काखेखालून येते. डावीकडे बीसीचा इन्फ्लेटर असतो, पण तो खांद्यावरून येतो. ड्रायसूटची काखेखालून. दोघी भेटत नाहीत. खांद्यावरून ड्रायसूटची होज आणलेले लोक पाहिले आहेत, बीसीच्या होजबरोबर तिची वेणी होते आणि घाईत कुठलं बटण कुठलं हे कळत नाही. डीएस४ ला कमी दाबाचे चार पोर्ट आहेत, त्यातला डावीकडे खाली तोंड करणारा निवडा. होज क्रिम्पपाशीच मोडल्यासारखी वळत असेल तर पोर्ट चुकला आहे. नव्वद अंशाचा कोपरा लावून ती चूक झाकू नका.

बीसीच्या कमरेच्या रुंद पट्ट्याखालून होज कधी काढायची नाही. खांद्याच्या पट्ट्याचा काखेजवळचा जो भाग असतो त्याच्या आतून काढायची की बाहेरून, यावर मारामाऱ्या होतात. मी आतून काढते, अंगाशी राहते. तोटा एकच, टाकी चढवताना ती काखेमागे अडकून राहते आणि मग बडी (डाइव्हचा जोडीदार) तुमच्या पाठीमागे हात घालून शोधत बसतो. म्हणून चढवायच्या आधीच तिला पुढे ओढून छातीवरच्या डी-रिंगमध्ये खोचून ठेवते.

जोडनळी:

सिअ‍ॅटलहून. प्युजेट साउंडला बारा महिने गारच, त्यामुळे ड्रायसूट म्हणजे आमचा रोजचा शर्ट. ताईंशी सहमत. फक्त कोणी पुढे जोडटाकीकडे जाणार असेल तर त्यांच्यासाठी:

जोडटाकीत, म्हणजे पाठीवरच्या दोन जोडलेल्या टाक्यांत, दोन फर्स्ट स्टेज असतात, डाव्या-उजव्या वाल्व्हवर (पोस्टवर) एकेक. बीसी म्हणजे विंगची होज उजव्या पोस्टवर आणि ड्रायसूटची डाव्या पोस्टवर, हा नेम. कारण असं की सांगाड्यात किंवा गुहेत पुढे जाताना डावा नॉब छताला घासला तर तो बंद होण्याच्या दिशेने फिरतो. उजवा उघडण्याच्या दिशेने. डावा बंद झाला तर सूट भरणं गेलं, पण विंग चालू राहते. दोन्ही एकाच पोस्टवर लावले असते तर तरंगण्याची दोन्ही साधनं एका नॉबवर गेली असती. साइडमाउंटलाही (टाक्या पाठीऐवजी अंगाच्या दोन बाजूंना) तत्त्व तेच, विंग एका टाकीवर, सूट दुसरीवर.

इथे लांबी ५६ च्या आसपास पुरते अनेकांना, कारण डावा पोस्ट आधीच खांद्याजवळ असतो. आणि हेलियम असलेला वायू श्वासाला असेल तर तो सूटमध्ये भरत नाहीत. हेलियम हवेच्या जवळजवळ सहापट उष्णता वाहून नेतो, म्हणजे स्वेटरमध्ये फ्रीज चालू करणं. मग छोटी वेगळी बाटली, हवेची किंवा अरगॉनची. त्या बाटलीच्या फर्स्ट स्टेजला सेकंड स्टेज नसतो, म्हणून जादा दाब सोडणारा वाल्व्ह लागतोच. एरवी फर्स्ट स्टेज गळायला लागला तर जादा दाब सेकंड स्टेजमधून फुसफुसत निघून जातो, इथे तो होज फोडून निघेल.

नवशिक्या_डुबकी:

मी मागच्या महिन्यात ड्रायसूटचा कोर्स केला. शिकवणारे म्हणाले, पाण्याखाली बीसी वापरायचीच नाही, तरंगणं सगळं सूटच्या हवेने सांभाळायचं. मग जास्त हवा सोडणारी होज बरी नाही का? सेय्न काढून टाकणं म्हणजे उलट पाऊल वाटतं.

जोडनळी:

झालं, पेटवलंत 😀

उत्तरसमुद्र:

नवशिक्या, दोन्ही पद्धती शिकवल्या जातात. एका टाकीवर, सोप्या डाइव्हला, सूटनेच सांभाळलं तर एक बटण कमी, हे खरं आहे. मी मात्र सूटमध्ये आवळल्यासारखं वाटणार नाही एवढीच हवा ठेवते, बाकी बीसीत. सूटमध्ये जास्त हवा म्हणजे तो बुडबुडा अंगभर फिरतो, डोकं खाली गेलं की पायांत जाऊन बसतो आणि पाय वर, तोंड खाली, असे उलटे लटकता. एकदा होऊन बघा, विसरणार नाही.

आणि जास्त वेगाच्या होजेबद्दल नेमकं इथेच मत बदलावं लागतं. वाल्व्हचं बटण अडकलं, वाळूच्या कणाने म्हणा किंवा बर्फाने, तर हवा आत येत राहते. ती हळू येत असेल तर डंप तिला पुरून उरतो. धो धो आली तर डंपला झेपत नाही आणि तुम्ही वर निघालात. सूट आवळू न देण्यासाठी बीसीच्या होजेचा वेग पुरेसा असतो. त्याहून जास्त लागत असेल तर तुम्ही फार वेगाने खाली जाताय.

तारकर्लीचा_बाबू:

बर्फाने? पाण्यात? पाणी तर ५ अंश म्हणालात ना?

उत्तरसमुद्र:

पाणी ५, होजमधून येणारी हवा त्याहून कितीतरी गार. डिओचा डबा सलग फवारला की हातात थंड लागतो ना, तसंच. टाकीतला दोनशे बारचा दाब फर्स्ट स्टेजमध्ये नऊ-दहा बारवर उतरतो, तिथेच गारठा तयार होतो. मग तुम्ही सूटचं बटण दाबून ठेवलं, त्याच वेळी दीर्घ श्वास घेतला, वर बीसीही भरलीत, तर फर्स्ट स्टेजच्या आसपास बर्फ धरतो आणि रेग्युलेटर आपोआप वाहायला लागतो. दहा अंशांखाली रेग्युलेटर थंड पाण्यासाठी तपासलेला असावा, आणि बटण टिचकी मारल्यासारखं, तुकड्यातुकड्याने दाबायचं. श्वास घेताना नाही, सोडताना.

म्हणून मासेराव, रबरी-विणलेली वाद सोडा, एक गोष्ट आधी करा. जाड हातमोजे घालून, न बघता, उजव्या हाताने होज काढता येते का ते घरी बघा. बटण अडकलं तर डावा कोपर वर जाऊन हवा सोडत असेल, तेव्हा कॉलर मागे ओढायला उजवाच हात उरतो. होज कितीही मापाची असली आणि हे जमत नसेल तर ती नुसती शोभेची. मोठ्या, खाचा असलेल्या कॉलरची होज मिळते, ती घ्या, चार पौंड जास्त गेले तर जाऊ देत.

कोथरूडकर:

मी कधी पाण्यात उतरणार नाही हे नक्की झालं. पण धागा सोडवत नाही. चालू द्या.

खाणीतला_मासा:

वृत्तांत देतो, उशीर झाला.

सुतळी झाली. बायकोने टोक धरलं, मी दिवाणखान्यात टाकीसकट उभा, कोपर कानाशी, मान उजवीकडे. शेजारची इंग्रज आजी खिडकीतून बघत होती, तिला हात केला तर सुतळी सुटली, परत पहिल्यापासून. सरळ उभं राहून ५५ भरली. कोपर वर करून ६२. सात सेंमीचा फरक! ताईंनी सांगितलं नसतं तर मी ५६ ची घेऊन मोकळा झालो असतो. ६६ ची घेतली, रबरी, मोठ्या कॉलरची. विणलेली हातात घेऊन परत ठेवली, बाबूदादांची खडीसाखर आठवली. दर डिसेंबरात गावी येतो आणि गिअर सावंतवाडीच्या माळ्यावर पडतं, तेव्हा रबरीच बरी.

लावायचं काम घरीच केलं. टाकी बंद, दाब सोडून दिला, पोर्टचं बूच ४ मिमीच्या ऍलनने काढलं, ओ-रिंग जागेवर आहे ते बघून होज हाताने फिरवत बसवली आणि मग पान्याने नुसती टेकवली. टाकी उघडून बाथटबात बुडवली, बुडबुडा नाही.

मोजे घालून न बघता काढायचा सराव टीव्हीसमोर केला. पहिल्या संध्याकाळी दहात तीनदा. कॉलर सापडायची, पण मी ती ओढायच्या ऐवजी होज ओढायचो, आणि होज ओढली की कॉलर आणखी घट्ट धरते. अंगठा आणि पहिलं बोट कॉलरच्या खाचेत रुतवायचं, मनगट बाहेरच्या बाजूला वळवायचं, मग सुटते. चौथ्या दिवशी दहात दहा.

शनिवारी खाणीत गेलो. आणि पहिल्याच उडीला फजिती. काठावर कपडे चढवून तयार, गप्पा मारत उभा, तर सूट हळूहळू फुगायला लागला. आधी वाटलं उन्हाने. मग मान आखडली, मग हात अंगापासून दूर झाले, बडी हसून खाली बसला. टम्म पुरी झाली होती माझी. वाल्व्ह अडकला असं समजून होज काढली, सराव कामी आला, थांबलं. परत लावली, परत फुगलो. शेवटी बडीने बोट दाखवलं: बीसीच्या छातीवरच्या आडव्या पट्ट्याचं बकल बरोब्बर इन्फ्लेटरच्या बटणावर टेकलं होतं. टाकीचं वजन पट्ट्यावर आलं की बटण दाबलं जायचं. पट्टा दोन बोटं वर सरकवला, वाल्व्ह फिरवून निपल काखेच्या दिशेने केलं, संपलं. हे मात्र तुमच्यापैकी कोणी सांगितलं नव्हतंत!

मग सहा मीटरच्या ओट्यावर गुडघ्यावर बसून होज तीनदा काढली-लावली. पाण्याखाली लावणं काढण्यापेक्षा अवघड आहे, दाबाखाली कॉलर मागे धरून निपलवर रेटावी लागते, आणि बोटं तोवर बधिर. तिसऱ्या वेळी अर्धवट बसली, ओढून पाहिली म्हणून कळलं. स्टेनगार्थपर्यंत गेलो, वीसेक मीटर. पाणी ६ अंश. बाहेर आलो तेव्हा मोजे आणि बनियन कोरडे. काठावरचा चहा या वेळी थंडी घालवायला नव्हे, नुसता चहा म्हणून प्यालो.

जोडनळी:

बकलचं डोक्यातच आलं नाही, आमच्या हार्नेसला छातीचा पट्टाच नसतो. चूक कबूल.

नवशिक्या_डुबकी:

मी तर परवा होज न लावताच उडी मारली. बडी चेक केला होता, बीसी, वजनं, बकलं, हवा, सगळं. सूटची होज त्या यादीतच नाही! पाच मीटरवर पाय असे आवळले की वाटलं कोणी धरलंय. वर येऊन लावली. आता बडीला आधी सांगते, माझ्या छातीवरचं बटण तू दाब, आणि होज तू ओढून बघ.

तारकर्लीचा_बाबू:

मासेराव, डिसेंबरात येताय तर मालवणात या. लायक्रा मी देतो, कमी दाबाच्या होजा फक्त तीन. आणि ती सेय्नची जुनी निपल फेकू नका, आमच्या पोरांना दाखवायला हवी. देव बरे करो.

उत्तरसमुद्र:

मासेराव, पुढच्या महिन्यात आमचा क्लब स्कॅपा फ्लोला जातोय, १९१९ साली जर्मनांनी स्वतःच बुडवलेली युद्धनौकांची रांग आहे तिथे. दोन जागा रिकाम्या आहेत, पण ती ३५-४० मीटरची कामं, तुम्ही अजून वर्षभर खाणीतच राहा. त्याआधी येत्या शनिवारी मी बहिणीकडे लेस्टरला आहे. खाणीत असाल तर सुतळी घेऊन या. नवऱ्याने नवा सूट घेतलाय आणि होज ९० ची आणून ठेवलीय, ‘स्टँडर्डपेक्षा मोठी, म्हणजे चांगली’ म्हणे.